दहावीचं केमिस्ट्री किट: रंग बघायला घेऊ नका, घड्याळ लावून बघायला घ्या

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. पाचातले साडेतीन स्टार. किट वाईट नाही, पण डब्यावर जे मोठ्ठं छापलंय, रंग बदलणारं पाणी, ज्वालामुखी, जादू वगैरे, त्यासाठी घ्याल तर एका रविवारात पोरं कंटाळणार आणि डबा माळ्यावर जाणार. आत एक पांढऱ्या खड्यांची साधी पुडी आहे, तिच्यासाठी घ्याल तर मात्र पैसे वसूल. कुठली पुडी ते पुढं येतंय, जरा दम धरा.

मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट, निपाणी-चिक्कोडी पट्ट्यातला माणूस. रसायन हा पोटापाण्याचा विषय आहे म्हणून हा रिव्ह्यू लांबणार, ज्याला वेळ नाही त्यानं शेवटचे दोन पॅरे वाचले तरी चालेल. पोरगी यंदा दहावीला, मराठी मिडियम, बोर्ड कर्नाटकाचं. रासायनिक क्रियांचा धडा सुरू झाला तसं तिचं रोज सुरू, पप्पा समीकरण बॅलन्स केलं, मार्क पण मिळतील, पण डावीकडचं उजवीकडं जातं म्हणजे नेमकं होतं काय हो? प्रश्न बरोबर आहे. डावीकडं अभिक्रियाकारकं, उजवीकडं उत्पादितं आणि मधी एक बाण. सगळी गंमत त्या बाणात आणि बाणाबद्दल कोणच बोलत नाही. शाळेत प्रयोगशाळा आहे, तिला कुलूप पण आहे. म्हटलं घरीच बघू, आणि या किटला मी मार्क दिलेत ते याच हिशेबानं दिलेत, की त्या बाणातलं हे किती दाखवतंय.

डबा घेतला बेळगावात. लग्नाच्या खरेदीला गेलो होतो, खडेबाजारात घरच्यांचं साड्या बघणं चालू होतं तेवढ्यात मी एका दुकानात शिरलो. दुकानदार म्हणाला, "चलो ऐतरी सर, तगोंड होगरी." म्हणजे चांगलं आहे, घेऊन जा. मी मराठीत भाव केला, त्यानं कानडीत नाही म्हटलं, शेवटी साडेचौदाशे छापलेला डबा साडेबाराशेला दिला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मी बघितले त्यातल्या बऱ्याच डब्यांत माल थोड्याफार फरकानं असाच होता, नुसतं कव्हर वेगळं. आत परीक्षानळ्या, स्टँड, चिमटा, ड्रॉपर, लिटमस, स्पिरिटचा दिवा, मॅग्नेशियमची फीत, जस्ताचे दाणे, मोरचूद (तांब्याचं निळं सल्फेट), लेड नायट्रेट, पोटॅशियम आयोडाइड, सोडियम थायोसल्फेट, मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची एक बाटली. पुस्तिका इंग्रजी आणि हिंदीत. कन्नड पण नाही, मराठी पण नाही. पाटीपासून सरकारी कागदापर्यंत दुसऱ्या भाषेतलं वाचून घ्यायची आपल्याकडच्या लोकांना सवय आहेच, त्यामुळं पोरीनं काय तक्रार केली नाही, एका संध्याकाळी बसून सगळं मराठीत वहीत उतरवून घेतलं, अक्षर पण त्या पुस्तिकेच्या छपाईपेक्षा बरं आहे.

पण उतरवून घेता घेता तिलाच एक गोष्ट खटकली आणि तिथंच माझा अर्धा स्टार गेला. पुस्तिकेत छापलंय की रासायनिक बंध, म्हणजे अणूंना एकमेकांशी धरून ठेवणारी जोड, तुटले की त्यातली ऊर्जा बाहेर पडते. अहो साफ उलटं आहे हे! बंध कुठलाही असो, तोडायला ऊर्जा घालावीच लागते, त्याला अपवाद नाही. बाहेर येते ती नवा बंध जुळताना. हायड्रोजन जळून पाणी होतं त्याचं गणित तिला करायला लावलं. हायड्रोजनचा बंध तोडायला मोलमागं (मोल म्हणजे रेणू मोजायचं माप, डझनासारखं) ४३६ किलोज्यूल, दोन मोल म्हणजे ८७२, ऑक्सिजनचा तोडायला ४९८, एकूण खर्च १३७०. आता दोन मोल पाणी तयार झालं म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनचे चार मोल बंध जुळले, सरासरी ४६३ धरा, जमा १८५२. वजाबाकी ४८२, ती उष्णता म्हणून आपल्याला मिळते. पुस्तिकेतलं खरं मानलं तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन एका बाटलीत भरून ठेवले की आपोआपच भडकायला पाहिजेत, पण ते भडकत नाहीत, ठिणगी दाखवेपर्यंत वर्षानुवर्षं शांत बसतात. ती ठिणगी कशाला लागते हे चुकीच्या वाक्यातनं कधीच कळणार नाही, आणि बाणातली पहिली गोष्ट तर तीच आहे.

आणि हा सगळा वहीतला हिशेब झाला हो, प्रत्यक्षात रेणू आधी पूर्ण मोडतात आणि मग सुटे अणू नव्यानं जुळतात असं बहुतेक वेळा होत नाही. जुना बंध ताणून सैल होत असतो तेव्हाच नवा धरत असतो, आणि मधी एक क्षण असा येतो की तो धड अभिक्रियाकारक नसतो, धड उत्पादित पण नसतो. १९३५ साली आयरिंग या रसायनशास्त्रज्ञानं आणि त्याच वर्षी इव्हान्स आणि पोलान्यी या जोडीनं या मधल्या अवस्थेचा सिद्धांत मांडला. तेव्हा ती कुणी बघितलेली नव्हती, नुसतं कागदावर. पुढं अहमद झेवैल यांनी लेझरचे अतिशय छोटे झोत वापरून बंध तुटताना टिपला, एका रेणूत ते काम सुमारे २०० फेम्टोसेकंदांत उरकत होतं, म्हणजे एका सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाचा पण पाचवा हिस्सा. १९९९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. पोरगीचा यावर प्रश्न, एवढ्या पटकन होतं तर मग खिळ्यावर तांबं चढायला एवढा वेळ का लागतो? याचं उत्तर ज्या किटमधनं मिळेल ते किट चांगलं, असं मी मनात धरून पुढचे प्रयोग बघितले.

रंगाचे प्रयोग पटकन उरकतो. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा ठेवला की तांबूस थर चढतो आणि पाणी हळूहळू फिकट हिरवट होतं, लोखंड आपले इलेक्ट्रॉन देऊन पाण्यात उतरतं आणि तांबं ते घेऊन खिळ्यावर बसतं. होतो छान, पण खिळा आधी सँडपेपरनं घासून घ्या, पुस्तिकेत ते लिहिलेलं नाही आणि तेलकट खिळ्यावर डागडागच येतात. जस्त आणि आम्ल, बुडबुडे, ठीक. मॅग्नेशियमची फीत, डोळे दिपवणारा पांढरा उजेड, सरळ बघायचं नाही म्हणून सांगा पोरांना, आणि डब्यात डोळ्याला लावायचा गॉगल दिलेला नाही, साडेचौदाशे छापताना वीस रुपयांचा गॉगल टाकायला काय झालं होतं कुणास ठाऊक. या प्रयोगात खरी बघायची गोष्ट उजेड नाही, राख आहे. २४ ग्रॅम मॅग्नेशियम जळलं तर ४० ग्रॅम पांढरी पूड व्हायला पाहिजे, म्हणजे जळून वजन वाढतं, कारण हवेतला १६ ग्रॅम ऑक्सिजन त्यात येऊन बसतो. लॅव्हॉझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं अठराव्या शतकात हेच बंद भांड्यात वजन करून करून लोकांच्या गळी उतरवलं, की काही नाहीसं होत नाही, काही नव्यानं येत नाही, अणू तेच, नुसती जोडी बदलते. पुस्तिकेत तराजूचा विषयच नाही. फीत उघड्यावर जाळली तर निम्मी राख धुरातनं जाते, त्यामुळं वजन करायचं असेल तर झाकणाची क्रुसिबल (जाळ सोसणारी वाटी) वेगळी घ्यावी लागेल.

पिवळाधमक लेड आयोडाइड. डब्याच्या कव्हरवर हाच फोटो आहे आणि खरंच दिसायला लै भारी, दोन पाण्यासारखी द्रावणं एकत्र केली की क्षणात हळदीपेक्षा पिवळं. पण शिसं आहे ते, विषारी, आणि पोरांच्या डब्यात ही पुडी ठेवणाऱ्याला काय म्हणावं. प्रयोग झाल्यावर पोरं मोरीत ओतणार, मोरीचं पाणी परसातल्या अळूला. आम्ही ती पुडी उघडलीच नाही. त्याऐवजी चुन्याची निवळी घेतली आणि त्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी घातलं, लगेच पांढरा साका तळाला, कॅल्शियम कार्बोनेट. तत्त्व तेच, दोघांनी जोड्या बदलल्या आणि जी जोडी पाण्यात विरघळत नाही ती खाली बसली. निपाणीकडं चुन्याला काय तोटा, तंबाखूचं गाव आहे.

आता ती पांढऱ्या खड्यांची पुडी. सोडियम थायोसल्फेट. पुस्तिकेत शेवटच्या पानावर आहे, फोटो नाही, पोरं तिथपर्यंत पोचतच नसतील. कागदावर पेन्सिलीनं ठळक फुली काढायची, तिच्यावर काचेचा पेला ठेवायचा, त्यात थायोसल्फेटचं पाणी ओतायचं, मग थोडं आम्ल घालायचं आणि वरनं फुलीकडं बघत बसायचं. सुरुवातीला काहीच होत नाही. म्हणजे अगदी काहीच नाही, स्वच्छ पाणी आणि खाली फुली. पोरगी म्हणाली, "पप्पा, एक्सपायर झालंय काय हो हे?" म्हटलं थांब की जरा. मग पाण्याला एक निळसर झाक येते, इतकी हलकी की आपल्यालाच वाटतं डोळ्यांचा भास आहे. मग पाणी धुरकट होतं, फुलीच्या चारी टोकांच्या कडा मऊ पडतात, पाणी दुधट, मग पिवळसर, आणि जिथं दोन रेघा एकमेकींना छेदतात तो मधला काळा ठिपका सगळ्यात शेवटपर्यंत तग धरून राहतो, आणि मग बघता बघता तो पण दिसेनासा होतो. तिथं मोबाइलवरचं स्टॉपवॉच बंद करायचं. ते जे गढूळ झालंय ते गंधकाचे बारीक कण. सोबत सल्फर डायऑक्साइड वायू, मीठ आणि पाणी.

एवढंच करून सोडलं तर काही नाही. पण पुस्तिकेत पुढची ओळ आहे, आणि त्या ओळीसाठी मी या किटला माफ केलंय, की हेच परत कोमट पाण्यात करा आणि परत गार पाण्यात करा. कोमटात फुली झटक्यात गेली, घड्याळ लावेपर्यंत पाणी दुधट. फ्रीजमधल्या पाण्यातली फुली मात्र पोरगी मधी उठून आत गेली, चहा करून घेऊन आली तरी तिथंच, स्पष्ट. पुड्या त्याच, माप तेच, शेवटी होणारं गंधक पण तेवढंच, मग वेळ का बदलला?

द्रावणातले कण एकमेकांना सतत धडकत असतात, सेकंदाला अब्जावधी वेळा, पण बहुतेक टकरा फुकट जातात. टक्कर पुरेशी जोराची पाहिजे आणि नेमक्या अंगानं बसली पाहिजे, तरच जुना बंध सैल होतो. आपल्याकडच्या माणसाला सांगायचं तर निपाणीजवळचा तवंदी घाट आठवा, उसाचे दोन ट्रेलर लावलेला ट्रॅक्टर, पलीकडं उतार आहे हे खरं, पण तो आधी माथ्यापर्यंत चढला तर उतार, आणि ज्याच्यात तेवढा जोर नाही तो निम्म्यातनं मागं येतो. अभिक्रियाकारकं आणि उत्पादितं यांच्या मधी असा एक माथा असतो, त्याला सक्रियण ऊर्जा म्हणतात. तापमान दहा अंशांनी वाढवलं तर कणांच्या टकरांची संख्या जेमतेम दोनेक टक्क्यांनी वाढते, पण क्रिया साधारण दुप्पट वेगानं होते (दुप्पट हा ठोकताळा आहे, प्रत्येक क्रियेचा आकडा वेगळा), कारण माथा ओलांडण्याइतका जोर असलेले कण आधी मोजके असतात आणि तेच एकदम वाढतात. खिळ्याच्या प्रश्नाचं उत्तर पण बरंचसं इथंच आहे, एकेक कण बदलतो तो निमिषात, वेळ लागतो तो प्रत्येकाचा नंबर लागायला. वर पाण्यातलं तांबं खिळ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो तो वेगळाच.

हे सगळं आधी कशावर सापडलं माहितीय काय? साखरेवर! १८५० मध्ये विल्हेल्मी नावाच्या जर्मन माणसानं उसाच्या साखरेच्या पाण्यात आम्ल घालून ती किती वेगानं फुटते ते पोलरीमीटर (साखरेच्या पाण्यातनं जाताना प्रकाश किती वळतो ते मोजणारं यंत्र) लावून मोजलं, रासायनिक क्रियेचा वेग असा नीट मोजून गणितात बसवणारा पहिला माणूस म्हणून त्याचंच नाव घेतात. आणि १८८९ मध्ये अरेनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञानं तापमान आणि वेगाचं जे सूत्र पुढं आणलं, जे आज बारावीला सगळ्यांना घोकायला लागतं, तो पेपर पण साखरेच्या याच क्रियेवरचा. साखरेच्या एका रेणूत पाण्याचा एक रेणू शिरतो आणि ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. ३४२ ग्रॅम साखर, १८ ग्रॅम पाणी, झालं १८० अधिक १८०. लॅव्हॉझिए खूश.

आमच्या कारखान्यात मात्र या समीकरणावर कोण खूश नसतंय. ३४२ ग्रॅम साखर गेली आणि हातात जे आलं त्याची साखर परत होत नाही, ते शेवटी मळीत जातं. तोडलेला ऊस उन्हात रखडला, गेटबाहेर ट्रॅक्टरची रांग लागली की उतारा (उसातनं मिळणारी साखर) पडतो, हे शेतकरी पण जाणतो आणि आम्ही पण. साधं साखरेचं पाणी, आम्ल नाही, जंतू नाहीत, असं ठेवलं तर साध्या तापमानाला ती साखर अशी फुटायला शेकडो वर्षं घेईल, माथाच एवढा उंच आहे. पण उसातच इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम (क्रिया झटपट घडवणारं सजीवांतलं प्रथिन) असतं, वर तोडलेल्या टोकातनं जंतू शिरतात, आणि ते माथा चढायला लावतच नाहीत, खालनं दुसरी वाट काढून देतात. गाळप झाल्यावर रस मुळातच आंबट, त्यात आम्ही तो तापवणार, म्हणजे विल्हेल्मीचा प्रयोग टनावारी. म्हणून चुना आणि गंधक. चुन्याचं दूध (पाण्यात कालवलेला चुना) आणि गंधक जाळून आलेला वायू रसात सोडतात, कॅल्शियम सल्फाइट खाली बसताना घाण घेऊन बसतं, आणि पीएच (आंबटपणाचं माप, आकडा खाली तितकं आंबट) साताच्या आसपास धरून ठेवायचा, खाली गेला तर साखर फुटते, फार वर गेला तर फुटलेल्या साखरेचा रंग चढतो. सीझनला रात्रपाळीत आमचं आयुष्य या दोनच्या मधी जातं. फुलीच्या प्रयोगातला तो गंधकाचा उग्र वास आला तसं घरातले सगळे नाक धरून बाहेर आणि मी एकटाच निवांत बसलेला, बायको म्हणाली, "तुमाला काय, डूटीवर असल्यागत वाटत असंल." वासावरनं आठवलं, हा प्रयोग पडवीत किंवा गच्चीवरच करा, घरात दम्याचं कोण असेल तर करूच नका, आणि द्रावण दिव्यावर तापवायचं नाही, कोमट पाणी घ्यायचं.

काळ्या पुडीचा प्रयोग पण चांगलाय. मेडिकलमधनं हायड्रोजन पेरॉक्साइड आणायचं, बाटलीत ते नुसतं बसलेलं असतं, चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड टाकलं की फसफसून ऑक्सिजन सुटतो. पुस्तिकेत इथं एक शहाणपणाची सूचना आहे, पूड गाळून वाळवा आणि परत वापरा. आम्ही वाळवली, परत टाकली, परत तेवढीच फसफस. उत्प्रेरक (क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) संपत नाही हे वाक्य घोकण्यापेक्षा एकदा असं बघितलं की पुरे. यात पोरीनं स्वतःच्या डोक्यानं कच्च्या बटाट्याची चकती टाकली, तिच्यावर पण फेस, आणि मग भाजीसाठी उकडलेल्या बटाट्याची फोड टाकली तर काही नाही, ढिम्म. कच्च्या बटाट्यातलं एन्झाइम उकडल्यावर मरतं. उसाचं एन्झाइम असंच, म्हणून रस लवकर तापवून पुढं ढकलायचा.

एका गोष्टीबद्दल पुस्तिका पूर्ण गप्प आहे. बाण उलटा पण जातो. मोरचुदाचे निळे खडे परीक्षानळीत तापवले की पाणी उडून पांढरी पूड राहते (नळीचं तोंड किंचित खाली झुकवून धरा, नाहीतर वर जमलेलं पाणी तापलेल्या काचेवर उतरतं आणि नळी तडकते, आमच्या डब्यातल्या नळ्या तशाही पातळ आहेत), आणि त्या गार झालेल्या पांढऱ्या पुडीवर पाण्याचा थेंब टाकला की परत निळं, नळी हाताला गरम लागते. पुस्तिकेत याला जादूची शाई असलं काहीतरी नाव देऊन सोडून दिलंय. अहो, बेळगावजवळ यमनापूरला हिंडाल्कोचा कारखाना आहे, तिथला अल्युमिना (अल्युमिनियमचं ऑक्साइड) या उलट्या बाणावरच निघतो. बॉक्साइट (अल्युमिनियमचं खनिज) गरम कॉस्टिक सोड्यात दाबाखाली विरघळवायचं, गाळ बाजूला काढायचा, मग द्रावण गार करून बीजाचे कण टाकायचे आणि तीच क्रिया उलट्या दिशेनं चालवून हायड्रेट (पाणी धरलेला अल्युमिना) खाली बसवायचं. बायर नावाच्या ऑस्ट्रियन केमिस्टची ही पद्धत, १८८० च्या दशकातली. परिस्थिती बदलली की क्रिया कुठं जाऊन थांबणार ते बदलतं, हे आपल्या पोरांना सांगायला कारखाना हाकेच्या अंतरावर आहे आणि पुस्तिकेत जादूची शाई.

सामानाचं बोलायचं तर ड्रॉपरचं रबर पहिल्या आठवड्यात चिकट झालं. लिटमस बरा. स्पिरिटच्या दिव्याची वात आखूड. आम्लाच्या बाटलीचं बूच नीट बसत नाही, ती उभी ठेवा आणि लहान पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. थायोसल्फेटची पुडी लगेच संपली, परत नुसती तीच मागवायची सोय नाही, पूर्ण डबा घ्या म्हणतात. शाळा-कॉलेजला सामान पुरवणाऱ्या सायंटिफिकच्या दुकानात ते सुटं मिळतं आणि स्वस्त मिळतं, आम्ही दुसऱ्यांदा तिथनंच आणलं. खरं सांगायचं तर थायोसल्फेट, सौम्य आम्ल, मोरचूद, काळी पूड, जस्त, चार नळ्या आणि गॉगल असं तिथनंच घेतलं तर निम्म्या पैशात होईल, पण ज्याला कुठली पुडी कशाला ते माहीत नाही त्याच्यासाठी डबा सोयीचा. नववी-दहावीला द्या आणि सोबत मोठं माणूस बसणार असेल तरच द्या, पाचवी-सहावीच्या पोराला वाढदिवसाला म्हणून अजिबात नको.

आणि किटवाल्यांना एक सुचवायचंय. विल्हेल्मीचा प्रयोग घरी होतो की! लॅपटॉपचा एलसीडी स्क्रीन पूर्ण पांढरा करून टेबलावर झोपवायचा, त्यावर काचेच्या उंच पेल्यात साखरेचा घट्ट पाक, आणि वरनं पोलराइज्ड गॉगल (एकाच दिशेनं कंप पावणारा प्रकाश आत सोडणारा) फिरवत बघायचं, पाकात निळा, जांभळा, पिवळा असे रंग फिरताना दिसतात, कारण साखर प्रकाशाची दिशा वळवते. त्याच पाकात लिंबूसत्त्व घालून मंद तापवत राहिलं की साखर फुटत जाते आणि ती वळवण्याची ताकद कमी होते, पुढं तर उजवीकडनं डावीकडं जाते. मधे मधे थोडा पाक काढून, गार करून, त्याच उंचीपर्यंत भरून बघितला तर तेच रंग यायला गॉगल वेगळ्या कोनात धरायला लागतो. आमच्या लॅबमधलं यंत्र दुसरं काय करतं, हेच. एक पोलराइज्ड फिल्मचा तुकडा डब्यात टाकला तर लेड नायट्रेटच्या पुडीची जागा भरून निघेल. तोवर ज्याला करून बघायचंय त्यानं गॉगल घेताना दुकानातच एखाद्या एलसीडी स्क्रीनसमोर धरून आडवा-उभा फिरवून बघा, एका बाजूला स्क्रीन काळा पडला तरच तो पोलराइज्ड, स्टिकरवर काय लिहिलंय ते बघू नका.